‘आर’मधील ग्लोबल ऑप्शन्स : या चुका टाळा

‘आर’ या प्रोग्रॅमिंग भाषेत सांख्यिकीचे काम करणाऱ्याला ऑप्शन्स() या फंक्शनची गरज फार लवकर पडते. आकडे किती अंकांत दिसावेत, मोठ्या संख्या घातांकात छापाव्यात की पूर्ण, वॉर्निंगचे काय करावे आणि मॉडेलमधील गटांची तुलना कशाशी करावी, या सगळ्याची सेटिंग्ज तिथे असतात. ही सेटिंग्ज संपूर्ण सेशनला लागू होतात, म्हणजे आपण लिहिलेल्या ओळींना, मागवलेल्या पॅकेजना आणि शेवटी डिस्कवर लिहिल्या जाणाऱ्या फाइललाही. त्यामुळे त्यांतून उद्भवणारी चूक बहुधा सेटिंग बदलले त्या ओळीवर दिसत नाही, तर तिथून शंभर ओळी खाली किंवा दुसऱ्याच्या संगणकावर दिसते. (कमांड आणि नावे इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीत आणि लहान-मोठी अक्षरे पाळून लिहावीत.)

दिसणारा आकडा आणि साठवलेला आकडा

डिजिट्स या ऑप्शनचे मूळ मूल्य 7 असते आणि ते दशांश स्थळांचे नव्हे, तर सार्थ अंकांचे असते. हा फरक लक्षात न आल्यामुळे 1234567.891 ही रक्कम पडद्यावर 1234568 अशी दिसली, की पैसे गळाले असे वाटते. प्रत्यक्षात आत पूर्ण संख्या शाबूत असते. याच्या उलट चूक अधिक महागात पडते. ऑप्शन्स(डिजिट्स = 1) केल्यावर 2.4 ही संख्या 2 अशी दिसते, पण तिची स्वतःशी बेरीज 5 अशी दिसते, कारण बेरीज 4.8 या खऱ्या उत्तराची झालेली असते. अहवालातल्या तक्त्याची बेरीज जुळत नाही, अशी तक्रार आली तर आधी हेच तपासावे. आकडा खरोखर पूर्णांकित करायचा असेल तर राउंड() वापरावे. फक्त दिसण्यापुरता बदल हवा असेल तर त्या एकाच ठिकाणी प्रिंट(क्ष, डिजिट्स = 10) किंवा फॉरमॅट(क्ष, एनस्मॉल = 2) लिहावे; त्यासाठी सगळ्या सेशनचे सेटिंग हलवण्याचे कारण नाही. डिजिट्सचे मूल्य 22 पर्यंत वाढवता येते, परंतु 15 च्या पुढचे अंक विश्वासार्ह नसतात.

एक लाखाचे ‘1ई+05’

आपल्याकडच्या आकड्यांना हमखास नडणारी चूक ही आहे. एखादी संख्या पूर्ण लिहायची की घातांकात, हे ‘आर’ रुंदीवरून ठरवते. पूर्ण रूप घातांकाच्या रूपापेक्षा रुंद झाले, की घातांकाचे रूप निवडले जाते. 100000 लिहायला सहा जागा लागतात आणि 1ई+05 ला पाच, म्हणून एक लाख घातांकात जातो. हेच दोन लाख, पाच लाख आणि दहा लाख यांचे होते, पण अडीच लाखाचे होत नाही, कारण 2.5ई+05 ला सात जागा लागतात. पडद्यावर अख्खा स्तंभ एकाच रूपात छापला जातो, त्यामुळे त्यात एक जरी अडीच लाख असला तरी सगळे आकडे नीट दिसतात आणि कोणाला शंका येत नाही. राइट.सीएसव्ही() मात्र प्रत्येक आकड्याचा निर्णय स्वतंत्रपणे घेते, आणि मग फाइलमध्ये नेमके पूर्ण लाखाचे आकडे तेवढे घातांकात उतरतात. स्तंभात रक्कम असेल तर पुढचे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ती समजून घेते. तिथे सभासद क्रमांक किंवा खाते क्रमांक असेल आणि दुसरीकडे तो मजकूर म्हणून वाचला जात असेल, तर दोन तक्ते त्या क्रमांकावरून जोडताना त्या ओळी गळतात, आणि तेही कोणतीही एरर न देता.

यावर सर्वत्र सुचवला जाणारा उपाय म्हणजे स्क्रिप्टच्या डोक्यावर ऑप्शन्स(सायपेन = 999) लिहिणे, म्हणजे पूर्ण रूप कितीही रुंद झाले तरी जवळपास नेहमी तेच निवडायला लावणे. राइट.सीएसव्ही() हे सेटिंग मानते, त्यामुळे फाइल सुधारते हे खरे. पण त्याच सेशनमध्ये 0.00000000012 यासारखी पी-मूल्येही शून्यांच्या लांबलचक रांगेत छापली जातात आणि ती वाचताना एक-दोन शून्ये सहज नजरेतून सुटतात. माझ्या मते क्रमांक हा बेरीज-वजाबाकीचा आकडा नाही, तर ते नाव आहे. म्हणून तो सुरुवातीपासून मजकूर म्हणूनच वाचून घ्यावा. रकमेचा स्तंभ फाइलमध्ये लिहिण्याआधी फॉरमॅट(रक्कम, सायंटिफिक = फॉल्स, ट्रिम = ट्रू, डिजिट्स = 15) मधून काढावा. येथील डिजिट्स वगळू नये; फॉरमॅट() सेशनचे डिजिट्स वापरते आणि मग पैसे खरोखरच फाइलबाहेर राहतात. राइट.सीएसव्ही() स्वतः मात्र डिजिट्सकडे पाहत नाही, ते नेहमी 15 सार्थ अंक धरून चालते.

नावातली चूक

ऑप्शन्स(डिजिट = 4) असे लिहिले, शेवटचा ‘स’ राहून गेला, तर ‘आर’ तक्रार करत नाही. ते ‘डिजिट’ नावाचे नवे ऑप्शन तयार करते आणि खरे डिजिट्स आहे तसेच राहते. सेटिंग लागू होत नाही असे वाटले, तर गेटऑप्शन("डिजिट्स") विचारून खात्री करावी.

परत जागेवर न ठेवणे

फंक्शनच्या आत ऑप्शन बदलणे गैर नाही. तो बदल फंक्शन संपल्यावरही मागे उरू देणे मात्र गैर आहे. ऑप्शन्स() बदल करताना जुने मूल्य परत देते, ते धरून ठेवावे:

जुने <- ऑप्शन्स(डिजिट्स = 12)
ऑन.एग्झिट(ऑप्शन्स(जुने), ॲड = ट्रू)

पुष्कळ जण ऑप्शन्स(जुने) ही ओळ फंक्शनच्या तळाशी लिहितात. मध्येच एरर आली तर तिथपर्यंत काम पोहोचतच नाही आणि बदललेले सेटिंग तसेच राहते; ऑन.एग्झिट() मधले काम मात्र फंक्शन कसेही संपले तरी होते. ॲड = ट्रू नसेल तर आधी नोंदवलेले ऑन.एग्झिट पुसले जाते. विथआर या पॅकेजमधील लोकल_ऑप्शन्स() हेच काम एका ओळीत करते.

वॉर्निंग बंद करण्यासाठी ऑप्शन्स(वॉर्न = -1) लिहू नये. एका ठिकाणची वॉर्निंग निरुपद्रवी आहे याची खात्री असेल तर तेवढी ओळ सप्रेसवॉर्निंग्ज() मध्ये घालावी. शोध घ्यायचा असेल तर उलट ऑप्शन्स(वॉर्न = 2) उपयोगी पडते, कारण मग पहिल्याच वॉर्निंगला एररसारखे थांबून ती कुठून आली ते कळते.

उत्तर बदलणारे ऑप्शन

वरची बहुतेक सेटिंग्ज दिसण्याशी संबंधित आहेत. कॉन्ट्रास्ट्स, म्हणजे गटांची तुलना कशाशी करायची हे ठरवणारे ऑप्शन, मात्र मॉडेलचे गुणांकच बदलते. खताच्या प्रयोगात बिनखत, युरिया आणि शेणखत असे गट असतील, तर मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे कॉन्ट्र.ट्रीटमेंटमध्ये, इंटरसेप्ट हा संदर्भगटाची सरासरी असतो आणि बाकीचे गुणांक त्या गटापासूनचा फरक सांगतात. कोणी ऑप्शन्समधून कॉन्ट्र.सम लावले, की इंटरसेप्ट हा तिन्ही गटांच्या सरासऱ्यांची सरासरी होतो आणि गुणांक त्यापासूनचे अंतर सांगू लागतात. दोघांचे अंदाज आणि आर-स्क्वेअर तेच येतात, पण तक्ते वेगळे येतात. ओळखायची खूण अशी, की पहिल्या प्रकारात गुणांकाच्या नावात ‘खतयुरिया’ असा गट दिसतो, तर दुसऱ्यात ‘खत1’, ‘खत2’ असे नुसते क्रमांक दिसतात. कार पॅकेजमधील ॲनोव्हा() ला टाइप 3 सांगितला असेल आणि मॉडेलमध्ये परस्परक्रिया असेल, तर मूळ सेटिंगवर मुख्य परिणामांच्या चाचण्या दुसऱ्या घटकाच्या संदर्भगटापुरत्या उरतात, आणि हे छापील तक्त्यावरून अजिबात कळत नाही. म्हणून ही निवड मॉडेलच्या ओळीतच लिहावी:

एलएम(उत्पादन ~ खत, डेटा = प्रयोग, कॉन्ट्रास्ट्स = लिस्ट(खत = "कॉन्ट्र.सम"))

असेच दुखणे स्ट्रिंग्जॲजफॅक्टर्सचे होते. 2020 मधील 4.0.0 आवृत्तीपासून त्याचे मूळ मूल्य ट्रूऐवजी फॉल्स झाले. जुनी स्क्रिप्ट चालवताना ते डेटा.फ्रेम() किंवा रीड.सीएसव्ही() च्या आत स्पष्टपणे द्यावे.

माझ्याकडे चालते, तुमच्याकडे नाही

या तक्रारीमागे अनेकदा .आरप्रोफाइल ही फाइल असते. त्यात कधीकाळी लिहिलेले ऑप्शन दर वेळी गुपचूप लागू होतात आणि सहकाऱ्याला पाठवलेल्या स्क्रिप्टमध्ये ते नसतात. चालू फोल्डरमध्ये अशी फाइल असेल तर होम फोल्डरमधली वाचलीच जात नाही, हेही लक्षात ठेवावे. आरस्टुडिओ या संपादकातील, अहवाल तयार करणारे ‘निट’ बटण नवे सेशन उघडते, त्यामुळे कन्सोलवर दिलेली सेटिंग्ज अहवालाला लागत नाहीत. विंडोजवर मेकक्लस्टर() ने उघडलेल्या समांतर प्रक्रियांचेही तसेच आहे. तिथे क्लस्टरइव्हॅलक्यू() ने ऑप्शन पुन्हा द्यावे लागतात.

शंका आली, की आरस्क्रिप्ट --व्हॅनिला लावून, म्हणजे .आरप्रोफाइल न वाचता, तीच स्क्रिप्ट चालवावी. उत्तर बदलले तर ऑप्शन्स() ची यादी दोन्हीकडे काढून शेजारी ठेवावी. फरक तिथेच सापडण्याची शक्यता मोठी. आरएम(लिस्ट = एलएस()) ने फक्त वस्तू पुसल्या जातात, ऑप्शन नाहीत. सुरुवातीला जपून ठेवलेली यादी परत दिली तर बदललेली मूल्ये जागेवर येतात, परंतु नंतर नव्याने तयार झालेली नावे तशीच राहतात. ती काढायची तर प्रत्येकाला नल द्यावे, नाहीतर सेशन नव्याने सुरू करावे.