परदेशात इंग्रजी शिकवायचंय? सर्टिफिकेट कोर्सची फी भरण्याआधी

टेफल म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण. या कोर्सच्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत १२० हा आकडा असतो. पण दोन कोर्सचे १२० तास सारखे नसतात. केंब्रिजच्या सेल्टा या शिक्षक-प्रशिक्षणाच्या कोर्समध्ये हे १२० तास प्रशिक्षकांच्या देखरेखीखालचे असतात. त्यात खऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना ६ तास शिकवावं लागतं, ते दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांत, आणि प्रशिक्षक मागे बसून प्रत्येक मिनिट बघत असतो. स्वस्तातल्या ऑनलाइन कोर्सचे १२० तास म्हणजे व्हिडिओ बघायला आणि प्रश्न सोडवायला लागणाऱ्या वेळेचा अंदाज. तो कोर्स चार संध्याकाळी बसून उरकला, तरी सर्टिफिकेटवर १२० च छापलं जातं.

म्हणून कुठल्याही कोर्सला पहिला प्रश्न हाच विचारायचा: मी खऱ्या विद्यार्थ्यांना किती तास शिकवणार, आणि ते बघून अभिप्राय कोण देणार? उत्तर "शून्य" असेल तर तो कोर्स वाईटच असं नाही. फक्त त्याला सेल्टाची किंमत मोजू नका.

आधी देश, मग कोर्स

नाशिकमध्ये बहुतेक जण उलटं करतात. आधी कोर्स विकत घेतात आणि मग तो कुठे चालतो ते शोधत बसतात. काही देशांत अडचण सर्टिफिकेटची नसते, पासपोर्टची असते. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा नेहमीचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारतीय पासपोर्टवर कितीही भारी कोर्स केला तरी नुसत्या कोर्सने तो दरवाजा उघडत नाही. चीनमध्येही शिक्षक इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचा असावा असा आग्रह आहे.

थायलंडचं गणित वेगळं. तिथे पदवी लागते, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून टोईकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. ६०० गुणांची अट सर्रास दिसते. आखातातल्या शाळांना बहुतेकदा बीएड हवं असतं. तिथे सर्टिफिकेट जोडीला चालतं, बीएडच्या जागी नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच गंगापूर रोडच्या टोकाला असलं, तरी तिथलं बीएड सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी आहे. शिवाय दूरशिक्षणाची पदवी चालेल का, हे ज्या शाळेत अर्ज करणार तिला आधी ईमेलवर विचारून घ्या. प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्या भाषासंस्था मात्र सेल्टा किंवा ट्रिनिटी कॉलेज लंडनचं सर्टटेसॉल बघूनच मुलाखतीला बोलावतात.

सोपा उपाय असा: हव्या त्या देशातल्या १५-२० नोकऱ्यांच्या जाहिराती काढा आणि वहीत चार रकाने आखा. पदवी, सर्टिफिकेट, अनुभव, नागरिकत्व. तासाभरात कुठला कोर्स हवा ते कळतं. कधीकधी कोणताच नको, हेही कळतं.

बाजारात काय काय आहे

सेल्टा आणि ट्रिनिटी सर्टटेसॉल हे दोन कोर्स जगभर ओळखले जातात. ट्रिनिटीत किमान १३० तास, त्यातही ६ तास प्रत्यक्ष शिकवणं. शिवाय एखादी पूर्ण अनोळखी भाषा काही तास शिकावी लागते, म्हणजे अगदी नवशिक्या विद्यार्थ्याची अवस्था कळते. दोन्ही कोर्स इंग्लंडच्या शैक्षणिक पात्रतांच्या चौकटीत लेव्हल ५ वर आहेत. फी एक लाखाच्या पुढे जाते असं धरूनच चाला.

दुसरा गट "लेव्हल ५" असं ठळक लिहिलेल्या ऑनलाइन कोर्सचा. यातले काही खरोखर ऑफक्वॉल या इंग्लंडच्या नियामक संस्थेच्या यादीत असतात, पण त्यात वर्गात शिकवणं नसतं. पातळी सेल्टाची, सराव शून्य. तिसरा गट काही हजारांत मिळणाऱ्या सर्टिफिकेटांचा. जिथे व्हिसासाठी फक्त कागद लागतो, तिथे तो पुरतो.

भारतातच राहून शिकवायचं असेल तर हैदराबादच्या इफ्लू विद्यापीठाचा पीजीसीटीई (इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्स) किंवा इग्नूचा इंग्रजी अध्यापनाचा सर्टिफिकेट कोर्स बघा. दोन्ही अभ्यास म्हणून भक्कम आहेत, पण परदेशातल्या भाषासंस्थांना ही नावं सहसा माहीत नसतात.

मान्यता कशी तपासायची

टेफलला जगभर मान्यता देणारी एकच सर्वोच्च संस्था नाही, त्यामुळे "आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त" या शब्दांना वजन नसतं. आयएसओचा शिक्का म्हणजे कार्यालयाची कार्यपद्धती नीट आहे एवढंच. उद्यम नोंदणी तर कुठल्याही लहान धंद्याला मिळते. दोन्हींचा शिकवण्याच्या दर्जाशी संबंध नाही, तरी माहितीपत्रकावर सगळ्यात मोठे शिक्के यांचेच असतात!

लेव्हल ५ चा दावा असेल तर पात्रतेचा क्रमांक मागा आणि तो ऑफक्वॉलच्या ऑनलाइन रजिस्टरमध्ये स्वतः टाकून बघा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली की तिथेच थांबा. सेल्टा शिकवण्याचा दावा करणारं केंद्र केंब्रिजच्या संकेतस्थळावरच्या यादीत सापडलं पाहिजे. "सेल्टाच्या धर्तीवर" असं लिहिलं असेल तर तो सेल्टा नाही.

"आज रात्री १२ पर्यंत ८५ टक्के सूट" ही पाटी उद्याही असते. नोकरीची हमी देणाऱ्यांकडून ती हमी कोणत्या मालकाची, कोणत्या शहरातली आणि कोणत्या व्हिसावर, हे लेखी घ्या. पर्यटक व्हिसावर जाऊन शिकवा, नंतर बदलून घेऊ, असं सांगणाऱ्याकडे परत जाऊ नका. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी बंधनकारक आहे. ती ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकी आहे.

सेल्टाला प्रवेश, आणि तिथे काय अवघड जातं

वय १८ पूर्ण, उच्च शिक्षणाला प्रवेश मिळेल इतकी पात्रता आणि भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवर सी१ किंवा त्यावरचं इंग्रजी हवं. सी१ म्हणजे आयईएलटीएसमध्ये साधारण ७ ते ८. अर्जानंतर एक लेखी काम देतात, मग मुलाखत होते.

या लेखी कामात आपली मुलं अडकतात ती एका ठरावीक ठिकाणी. "आय लिव्ड हिअर फॉर टेन इयर्स" आणि "आय हॅव लिव्ड हिअर फॉर टेन इयर्स" यांचे काळ कोणते ते शाळेत घोटून घेतलेलं असतं. दोन्ही वाक्यांच्या अर्थांमध्ये फरक काय, हे मात्र सांगता येत नाही. इथे विचारतात ते नेमकं तेच. आणि नुसतं उत्तर नको, विद्यार्थ्याला ते समजलं की नाही हे तपासणारा छोटा प्रश्नही हवा. "समजलं का?" असं विचारलं तर अख्खा वर्ग माना डोलावतो. "तो अजून इथेच राहतो का?" असं विचारलं की कोणाला कळलंय ते लगेच दिसतं. व्याकरणाचे असे २० मुद्दे निवडून प्रत्येकाला एक तपासणीचा प्रश्न लिहून बघा. अर्जाआधीची याहून चांगली तयारी नाही.

प्रत्यक्ष शिकवताना लोक घसरतात ते जास्त बोलण्याने. फळ्याजवळ उभं राहून समजावून सांगायची सवय आपल्या वर्गांनी लावलेली असते. सेल्टात विद्यार्थ्यांनी किती बोललं ते मोजतात. चार लेखी स्वाध्याय असतात, प्रत्येकी ७५० ते १००० शब्दांचे. एखादा नापास झाला तर एकदाच पुन्हा देता येतो. तिसरा स्वाध्याय आणि अवघड वर्ग एकाच आठवड्यात आले की झोप उडते, म्हणून पहिला स्वाध्याय मागे पडू देऊ नका.

पूर्णवेळ कोर्स चार ते पाच आठवड्यांचा असतो. मुंबईच्या केंद्रात प्रवेश घेऊन नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेसने अप-डाऊन करायचा विचार असेल तर तो सोडा. दिवसभर वर्ग, संध्याकाळी उद्याच्या तासाची आखणी, आणि तीही रोज. खोली घेऊन राहा किंवा ऑनलाइन सेल्टा घ्या. ऑनलाइनमध्ये वेळ बघा. लंडनचं केंद्र सकाळी ९:३० ला सुरू झालं तर आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे ३ वाजलेले असतात, उन्हाळ्यात २. वर्ग संपेपर्यंत रात्र होते. वायफायच्या राउटरला छोटा यूपीएस आणि मोबाइलवर दुसऱ्या कंपनीचा डेटा तयार ठेवा. मूल्यमापनाचा तास मध्येच तुटला तर त्याचा ताण पुढच्या तीन तासांवर येतो.

नोकरी करत असाल तर अर्धवेळ तुकडी घ्या. मात्र हजेरीची अट तिथेही तितकीच कडक असते. घरात लग्नकार्य असेल तर ती तुकडीच टाळा.

कागदपत्रं कोर्सच्या आधी काढायला घ्या

सर्वाधिक वेळ इथे जातो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो आणि पासपोर्टवर दुसराच. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या पदवीवर माहेरचं नाव असतं. कोर्सचं सर्टिफिकेट पासपोर्टवरच्या नावानेच मागा, एका अक्षराचाही फरक नको, आणि नावबदलाचं राजपत्र काढून ठेवा.

पुणे विद्यापीठाची पदवी असेल तर दीक्षान्त प्रमाणपत्र हातात हवं. नुसती शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका चालत नाही. त्यानंतर राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. ओमान हेग करारात असल्याने तिथे अपोस्टिल, म्हणजे त्या करारातल्या देशांत चालणारा मंत्रालयाचा शिक्का, चालतं. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो, आणि हा क्रम उलटा करता येत नाही. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मागवता येतो, पण तो फार लवकर काढू नका. अनेक मालकांना तो काही महिन्यांच्या आतलाच हवा असतो.