दर्शनी भिंतीवरचे शेवाळ आणि सोसायटीची नोटीस

गोव्यात रो-हाऊसच्या वसाहतीत राहणाऱ्यांना दसरा-दिवाळीच्या सुमारास सोसायटीचे पत्र येते: दर्शनी भिंतीवरचे शेवाळ काढावे, गंजलेले ग्रिल रंगवावेत, कुंपण स्वच्छ करावे. पत्र हाती पडताच ब्रश-बादली घेऊन भिंतीला भिडू नये. आधी उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली, काढून वाचावेत. गोवा सहकारी संस्था अधिनियम, २००१ खाली नोंदलेल्या सोसायटीला स्वतःचे उपविधी असतात आणि बाहेरची भिंत, पाइप व कुंपण यांपैकी सभासदाने काय सांभाळायचे, हे त्यांत पाहावे लागते. जे काम सोसायटीचे आहे, ते स्वखर्चाने उरकून नंतर पैसे मागण्यात वादाखेरीज फारसे काही हाती लागत नाही. भिंत नुसती धुवायची असेल तर सहसा कोणाला विचारावे लागत नाही, पण रंगाची छटा बदलायची असल्यास व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी आधीच घेतलेली बरी.

येथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. त्यामुळे भिंतीवरचा डाग म्हणजे बहुतेक वेळा पाण्याने सोडलेली खूण असते. खिडकीच्या छज्जाखाली काळा ओघळ दिसत असेल, तर छज्जाच्या कडेला पाणी तोडणारी खाच नाही किंवा ती रंगाने बुजली आहे असे समजावे. कोपऱ्यात हिरवा पट्टा असेल तर वरची पन्हळ माडाच्या व आंब्याच्या पानांनी तुंबलेली सापडेल. पाण्याची वाट दुरुस्त केल्याशिवाय घासलेली भिंत पुढच्या श्रावणात पुन्हा हिरवी होते, म्हणून पहिला दिवस पन्हळी, पाइप आणि गच्चीची जाळी साफ करण्यातच घालवावा. भिंतीच्या फटीत पिंपळाचे रोप उगवले असेल तर ते नुसते खुडू नये. मूळ आत राहिले की ते फुटते आणि गिलावा उकलतो.

शेवाळासाठी घरगुती द्रवरूप ब्लीचचा एक भाग चार भाग पाण्यात मिसळावा. तत्पूर्वी शेजारची झाडे व तुळस साध्या पाण्याने भिजवून झाकून घ्यावीत, हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि काम सकाळच्या सावलीत करावे, कारण उन्हात द्रावण चटकन वाळते. द्रावण खालून वर लावत जावे, म्हणजे कोरड्या भिंतीवर ओघळ उमटत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांनी नायलॉनच्या ब्रशने घासून वरून खाली भरपूर पाण्याने धुवावे. लोखंडी ग्रिलवर उडालेले थेंब लगेच धुऊन टाकावेत, नाहीतर गंज वाढतो. ब्लीचमध्ये अॅसिड किंवा अमोनिया असलेले कोणतेही द्रव्य कधीही मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतात.

जोत्यालगतचा तांबडा डाग मात्र ब्लीचने जात नाही. तो आपल्या मातीतल्या लोहाचा असतो, आणि पागोळ्यांचे पाणी उघड्या मातीवर आपटून तो भिंतीवर चढतो. चिखल वाळू द्यावा, कोरड्या ब्रशने झाडावा आणि मग साबणाच्या पाण्याने पुसावा; शिवाय पागोळ्या पडतात त्या रेषेत हातभर रुंद खडी पसरून ठेवावी. एवढ्या स्वस्तात इतका उपयोग दुसऱ्या कशाचाही होत नाही. भिंतीला लोणा आला असेल, म्हणजे पांढरी क्षाराची पूड फुटली असेल, तर ती कोरडीच झाडावी, कारण पाण्याने विरघळून ती पुन्हा आत मुरते.

गिलावा न केलेल्या चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, कुंपणाची गोष्ट वेगळी. चिरा सच्छिद्र असतो. तारेच्या ब्रशने त्याचा पापुद्रा निघतो आणि जोराच्या फवाऱ्याचे यंत्र जवळून मारल्यास खड्डे पडतात. मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरते. खरे सांगायचे तर ऑगस्टमध्ये चिऱ्यावर चढलेले हिरवे शेवाळ अस्वच्छता मानू नये असे मला वाटते, आणि ते ऊन पडू लागल्यावर बरेचसे आपोआप वाळते. म्हणून सोसायटीने भिंतींची पाहणी नोव्हेंबरात ठेवावी, अशी विनंती सर्वसाधारण सभेत मांडण्यासारखी आहे.

रंगकाम करायचे असल्यास भिंत पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. चवथीपूर्वी घाईने ओल्या भिंतीवर चढवलेल्या रंगाला फोड येतात. समुद्राजवळच्या घरांनी ग्रिलवरची खारट पुटे गोड्या पाण्याने धुवावीत आणि गंज घासून, गंजरोधक प्रायमर लावून मगच रंग द्यावा. काम सुरू करण्यापूर्वीचे व नंतरचे फोटो तारखेसह काढावेत, नोटिशीला लेखी उत्तर द्यावे आणि त्याच्या प्रतीवर सेक्रेटरीची पोचसही घ्यावी.