डोंगरात बलूनमध्ये बसायचंय? मग आधी उतरायचं शिका

आमच्या लातूरकडं हिवाळा लागला की कुणीतरी विचारतंच, लोणावळ्याजवळ कामशेतला बलून राईड करायचीय, काय काय लागतं. मी कामशेतला सात वेळा आणि तुर्कीत गोरेमेला एकदा बसलोय, दरवेळी घरचे नाहीतर मित्र सोबत. नेटवर जे सल्ले फिरतात ना, गॉगल आणा, लाल ड्रेस घाला म्हणजे फोटो भारी येतो, त्यातला एकही शेवटच्या पाच मिनिटांत कामाला येत नाही. मला खरं त्या पाच मिनिटांबद्दलच सांगायचंय, पण क्रमानं घेऊ.

आधी एक. जत्रेत, महोत्सवात दोरीला बांधलेला बलून थोडा वर नेऊन परत खाली आणतात, त्याला ही राईड म्हणत नाहीत. बुक करताना सरळ विचारा, दोरी सोडणार का नाही. आणि आपल्या लातूर-नांदेड-परभणीच्या शेतात कधीकधी जे बलून पडतात, कलेक्टर ऑफिसकडून आवाहन येतं की यंत्रांना हात लावू नका, ते हैदराबादहून टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडते. ते संशोधनाचे, हायड्रोजनवर उडणारे, त्यात माणूस नसतो. आपला बलून निव्वळ गरम हवेवर उडतो, गॅसच्या बर्नरनं आतली हवा शंभर डिग्रीच्या आसपास नेतात, बाहेर जेवढी थंडी तेवढा तो चांगला उचलतो. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या कुशीत शातो-दे नावाचं गाव आहे, तिथला बलून महोत्सव ऐन जानेवारीत बर्फात भरतो, त्यामागं हेही एक कारण आहे.

बुकिंग करताना हाताशी दोन सकाळी ठेवा, एक नको. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघून पहाटे डायरेक्ट बलूनपाशी पोचायचं हा प्लॅन तर करूच नका, आदल्या दिवशी मुक्कामाला जा. जमिनीवरचा वारा ताशी १५-१८ किलोमीटरच्या पुढं गेला की बहुतेक पायलट उडत नाहीत, आणि डोंगरात तो कधी वाढेल सांगता येत नाही. गोरेमेत तर उडायचं की नाही हे सरकारचं विमान वाहतूक खातंच ठरवतं, कंपनीच्या हातात नसतं. इतक्या लांबून आलोय साहेब, उडवा की, असं म्हणत पायलटच्या मागं लागणारी माणसं मी बघितलीत आणि मला त्यांचा राग येतो. जो पायलट नाही म्हणतो त्याच्याकडंच परत बुकिंग करा.

पहाटे एवढ्या लवकर का बोलावतात, हे आपल्याकडच्या माणसाला पटकन कळतं. एप्रिलमध्ये दुपारी नांगरटीत वावटळ उठते ना, ती तापलेल्या जमिनीवरून वर जाणाऱ्या हवेमुळंच. डोंगरात हेच सकाळीच सुरू होतं, ऊन लागलेला उतार आधी तापतो, तिथली हवा वर चढायला लागते आणि दरीतला वारा फिरतो. रात्रभर थंड हवा उतारावरून दरीत उतरत असते, ती निवांत झालेली असते तेवढ्या तास-दीड तासात उडून खाली यायचं असतं. म्हणून पाचला या म्हटलं की पाचला पोचा.

बूट घाला, सुती कपडे घाला, टोपी घाला कारण बर्नर डोक्यावरच असतो. वजन खरं सांगा. वर बाथरूम नाही. बास्केटला दार नसतं, छातीएवढ्या वेताच्या भिंतीला पाय ठेवायला भोकं असतात त्यातून चढून आत जायचं, त्यामुळं साडी नको.

वर गेल्यावर काही करायचं नसतं. चक्कर येत नाही, वारं लागत नाही कारण आपण वाऱ्यासोबतच चाललेलो असतो, बर्नर बंद झाला की खालच्या वाडीतला कोंबडा आणि कुत्री स्पष्ट ऐकू येतात. बलूनला स्टिअरिंग नसतं एवढं ध्यानात ठेवा, वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेनं वाहतो आणि पायलट वर-खाली करून पाहिजे तो वारा पकडतो. वारा नेईल तिकडं जायचं, म्हणून तर रेमंडवाले उद्योगपती विजयपत सिंघानिया २६ नोव्हेंबर २००५ ला अशाच गरम हवेच्या बलूनमधून मुंबईतून उडाले, २१,०२७ मीटर उंचीचा विक्रम केला आणि उतरले नाशिक जिल्ह्यात.

आता उतरणं.

पहिल्या वेळी मी काय केलं ते सांगतो. पायलटनं उडायच्या आधी उतरायची पोझिशन शिकवली होती, तेव्हा मी घरी व्हिडिओ कॉल लावून बलून दाखवत होतो. खाली यायला लागलो तसं सोबतचे नाना म्हणाले, "बापू, जमीनच वर यायलीय की!" आणि खरंच तसंच वाटतं, आपण स्थिर आहोत आणि जमीन वर यायलीय, त्यामुळं वेगाचा अंदाजच येत नाही. मी पुढं तोंड करून, पाय ताठ ठेवून, एका हातानं मोबाईल बाहेर धरून शूटिंग करत होतो. मावळात भाताची खाचरं, नोव्हेंबरात कापणी झालेली, मोकळी दिसतात पण बांध कडक असतात, बास्केट तशाच एका बांधाला धडकली आणि आडवी झाली. माझा गुडघा भिंतीवर आपटला, कोपर नानांच्या तोंडावर बसलं, त्यांचा ओठ फुटला. गुडघा दीड महिना दुखत होता, तो बरा झाला, पण ५८ वर्षांच्या माणसाला माझ्यामुळं लागलं हे मला आजही बोचतं. त्या दिवसापासून माझ्यासोबत जो येईल त्याची मी आधी घरीच तालीम घेतो.

तालीम सोपी आहे. भिंतीला पाठ लावा, गुडघे वाकवा, अर्धवट खुर्चीवर बसल्यासारखं, पाय जुळवून, आणि अर्धा मिनिट तसेच थांबा. बास्केटमध्येही हेच करायचं, फक्त बलून ज्या दिशेनं चाललाय त्या बाजूच्या भिंतीला पाठ लावायची, म्हणजे तोंड मागं. एसटीत ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढं फेकली जातात, इथं पुढं फेकलं जायला जागाच ठेवायची नाही, पाठ आधीच टेकलेली पाहिजे. आतल्या बाजूला दोरीच्या कड्या असतात त्या दोन्ही हातांनी धरा, बास्केटची वरची कड धरू नका, बोटं चेंगरतात, आणि गॅसच्या नळीला तर चुकूनही नाही. मोबाईल खिशात, चेन लावून. एकदम खाली फतकल मारून बसू नका, सगळा दणका मणक्यात जातो. पायलटनं वेगळं सांगितलं तर त्याचंच ऐका, काही मोठ्या बास्केटमध्ये बसायला बाक असतात, तिथली पद्धत वेगळी असते.

ज्याला घरी अर्धा मिनिट तसं थांबता येत नाही त्यानं बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गरोदर बाई, नुकतं ऑपरेशन झालेलं माणूस, मणक्याचा किंवा गुडघ्याचा त्रास असलेलं, हाडं ठिसूळ झालेलं, यांना नाही म्हणा. माझ्या मावशीला मी नाही म्हटलं, ती दोन महिने बोलली नाही माझ्याशी, तरी मला ते बरोबरच वाटतं.

डोंगरात उतरायची जागा कमी असते, विजेच्या तारा, ओढे, झाडी, त्यामुळं पायलट एखादं चांगलं दिसणारं शेत सोडून पुढं जातो, कधी टेकवून परत उचलतो. तेव्हा "इथंच उतरव की" म्हणून ओरडू नका, त्याला तार दिसलेली असते.

टेकल्यावर बास्केट दोन-तीनदा उसळते, वारा असला तर आडवी होऊन थोडी फरफटते. आडवी झाली तर तुम्ही पाठीवर पडलेले असता, तसेच पडून राहा. सगळ्यात मोठी चूक इथंच होते, थांबलं वाटलं की माणूस उडी मारून बाहेर पडतो, त्याचं सत्तर किलो वजन कमी झालं की बलून हलका होतो आणि बाकीच्यांना घेऊन परत उचलू शकतो. आतली हवा काढेपर्यंत कुणीही उतरायचं नाही, पायलट एकेकाचं नाव घेईल तेव्हाच उतरायचं. सोबत लेकरं असतील तर त्यांना हे आदल्या रात्रीच बजावून ठेवा, त्यांना उडी मारायची फार घाई असते.

मग कापड गुंडाळायला मदत करा, त्यावर बसून हवा काढायला मजा येते. ज्याच्या शेतात उतरलो त्या शेतकऱ्याला मात्र आधी जाऊन भेटा. मावळात खाचर रिकामं असेल तर तो खूश असतो, चहा पाजतो, पण हरभरा किंवा कांदा पेरलेला असला तर आपल्या फोटोसाठी रांगा तुडवत फिरू नका, बांधावरून चाला, आणि नुकसान झालं असेल तर कंपनी त्याला किती देणार हे तिथंच, त्याच्यासमोर विचारा.