मिलिपीडची प्रजाती कशी ओळखावी आणि नव्या प्रजातीला नाव कसे द्यावे

हात लागला की नाण्यासारखे वेटोळे करून बसतो म्हणून याला कुणी पैसा म्हणतात, कुणी वाणी. शास्त्रात हा सगळा वर्ग म्हणजे डिप्लोपोडा. त्यातल्या सुमारे १२ हजार प्रजातींना आजवर नावे मिळाली आहेत.

आधी तो गोम नाही ना, हे बघा. शरीराच्या मध्यावरचे एक वलय निवडा. त्यावर पायांच्या दोन जोड्या असतील तर मिलिपीड, एकच असेल तर गोम. डोक्याजवळ मोजू नका. तिथले पहिले वलय बिनपायाचे असते आणि पुढच्या तिन्हींवर एकेकच जोडी असते.

मग गण, म्हणजे वर्गातला मोठा गट, ठरवा. गण १६ आहेत, पण ठळक खुणांवरून बरेचसे काम होते. पाठीच्या दोन्ही कडा पंखांसारख्या बाहेर आलेल्या, डोळे नाहीत आणि वलये वीसच्या आसपास, तर पॉलिडेस्मिडा. हा सर्वांत मोठा गण. अंग मऊ आणि त्यावर केसांचे झुपके, तर पॉलिझेनिडा.

प्रजाती ठरवताना मात्र रंगावर विसंबू नका. एकाच प्रजातीत रंग बदलतात आणि वेगळ्या प्रजाती हुबेहूब दिसतात. खरी ओळख बहुतेक गणांत प्रौढ नराच्या सातव्या वलयात असते. नर उताणा करून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पाय एकामागून एक सारखे येत जातात आणि सातव्या वलयाशी रांग मोडते. पॉलिडेस्मिडात तिथे पायांच्या पुढच्या जोडीऐवजी आकड्यासारखे, काट्याफाट्यांचे दोन अवयव दिसतात. हे गोनोपॉड. पायांचेच रूपांतर होऊन ते बनतात आणि नर त्यांनी शुक्राणू मादीकडे पोचवतो. त्यांचा प्रत्येक बाक, प्रत्येक काटा चित्रात उतरवा. घाई करायची नाही ती इथेच. हाती फक्त मादी किंवा पिल्लू असेल, तर बहुतेक वेळा जीनसपाशीच, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटापाशीच, थांबावे लागते, आणि थांबावेच.

गोनोपॉड कुठल्याच जुन्या वर्णनाशी जुळत नसतील, तरच नवे नाव. त्यासाठी जुने साहित्य पार १७५८ पर्यंत चाळावे लागते, कारण प्राण्यांची नावे स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या त्या वर्षीच्या ग्रंथापासून ग्राह्य धरतात. एकाच प्रजातीला दोन नावे पडली असतील तर सहसा आधीचे टिकते.

नाव दोन शब्दांचे: जीनस आणि प्रजाती. दुसरा शब्द विशेषण असेल तर त्याचे व्याकरणातले लिंग जीनसशी जुळवा. ऑस्ट्रेलियात ६० मीटर खोलीवर सापडलेल्या, १,३०६ पायांच्या मिलिपीडचे नाव २०२१ मध्ये यूमिलिपिस पर्सेफनी ठेवले. यूमिलिपिस म्हणजे खरोखरीच हजार पायांचा, आणि पर्सेफनी ही ग्रीक पुराणातली पाताळाची राणी. नावातच प्राणी आणि त्याचे घर दोन्ही आले. असे नाव मला फार आवडते.

एक नमुना होलोटाइप म्हणून निवडा, अल्कोहोलमध्ये जपा आणि संग्रहालयात ठेवा. पुढे वाद झाला तर नाव त्याच नमुन्याला बांधलेले राहते. वर्णन फक्त ऑनलाइन छापणार असाल, तर आधी झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी.

शेवटी नावापुढे लेखक आणि वर्ष येते: आर्किस्पायरोस्ट्रेप्टस गिगास (पीटर्स, १८५५). कंस उगीच नाही. पीटर्सने ही प्रजाती दुसऱ्या जीनसमध्ये ठेवली होती, नंतर ती हलवली गेली, हे तो कंस सांगतो.