सोसायटीच्या पंपाने खरंच वीज वाचवली का? असं मोजा

पंप उघडला, झिजलेला इम्पेलर (पाणी ढकलणारं पंपातलं फिरतं चाक) बदलला, गळका व्हॉल्व्ह काढून नवा बसवला आणि पुढचं बिल पूर्वीइतकंच आलं. मग सभेत कुणीतरी विचारतंच, ‘एवढा खर्च कशासाठी केला?’ आमच्याकडेही हेच झालं, आणि उत्तर द्यायला आमच्याकडे आकडेच नव्हते. म्हणून सांगते, मोजणी दुरुस्तीच्या आधी सुरू करा. ते दिवस हातचे गेले की परत मिळत नाहीत.

बिलाची रक्कम बाजूला ठेवा. त्यात स्थिर आकार, इंधन समायोजन, बदलते दर सगळं मिसळलेलं असतं. युनिट बघा, तेही दर हजार लिटर पाण्यामागे.

इलेक्ट्रिशियनकडून पंपापुरता सब-मीटर लावून घ्या. रोज ठरल्या वेळी रीडिंग वहीत उतरवायला सांगा. दोन आठवडे तरी हवेत.

पाण्याचा मीटर नसेल तर गच्चीवरची टाकीच मापाला वापरा. खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, पाण्याची पातळी खुणेने नोंदवा, पंप चालवा, पुन्हा मोजा. टाकी आतून ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि पाणी ५० सेंटीमीटर चढलं, तर ३ घनमीटर, म्हणजे ३,००० लिटर झालं. तेवढ्या वेळात सब-मीटर किती पुढे गेला ते लिहा. व्हॉल्व्ह उघडायला विसरू नका.

आता हिशोब. समजा, आधी १४ लाख लिटरला ४२० युनिट लागले, म्हणजे हजार लिटरला ०.३०. दुरुस्तीनंतर उन्हाळा लागला, पाणी १६ लाख लिटर चढवलं आणि ४०० युनिट लागले, म्हणजे ०.२५. वरवर पाहता २० युनिटच कमी. पण जुन्याच चालीने १६ लाख लिटरला ४८० लागले असते. खरी बचत ८० युनिटची.

अजून किती वाव आहे? हजार लिटर पाणी ३० मीटर उचलायला नुसत्या भौतिकशास्त्राने सुमारे ०.०८ युनिट पुरतात. बाकीची वीज मोटर, पंप आणि पाइपातल्या घर्षणात जाते, म्हणून ०.३० हा आकडा मला बोचतो.



टाकीची चाचणी दर तीन महिन्यांनी करा. ०.२५ चं ०.२८ झालं की पंप उघडून बघायची वेळ आली.