शहरातल्या झाडांची फळं: हेरायची कशी, उतरवायची कशी

फळझाड शोधायला बहुतेक जण वर बघतात. आधी पायाखाली बघा. फुटपाथवर जांभळे डाग, चपलेला चिकटणाऱ्या बिया, वटवाघळांनी चोखून टाकलेले चोथे दिसले की थांबायचं आणि मग मान वर करायची. तुती आणि जांभूळ अशीच सापडतात.

त्याहून चांगलं म्हणजे झाड बहरात असतानाच हेरून ठेवणं. आंब्याला मोहोर आल्यापासून फळ तयार व्हायला साधारण 3 ते 4 महिने लागतात. फोनमधल्या नकाशावर खूण करा, तारीख लिहा. पुढच्या वर्षीही ती उपयोगी पडते.

मग ओळख पक्की करा. पान, फूल, फळ तिन्ही जुळायला हवं. पिवळ्या कण्हेरीची हिरवी, गुबगुबीत फळं कुंपणावर सहज हाताशी येतात आणि ती जहाल विषारी असतात. ‘चव घेऊन बघू’ असं कधीच करू नका.

झाड कुणाचं आहे ते विचारा, परवानगी घ्या. औषध फवारलंय का, हेही त्याच वेळी विचारून टाका.

आता उतरवणं. आंबा, चिकू तयार झाल्यावर काढले की घरी पिकतात. तुती, जांभूळ मात्र झाडावरच पिकू द्यावी लागतात. पिकलेली तुती बोट लागताच हातात येते. ओढावी लागली तर सोडून द्या, ती अजून आंबट आहे. झाडाखाली जुनी चादर पसरून फांदी हलक्या हाताने हलवली की पिकलेल्या तेवढ्या टपटप पडतात.

आंब्याला झेला हवा, म्हणजे टोकाला जाळी बांधलेली लांब काठी. देठ 2-3 सेंटिमीटर ठेवूनच फळ काढा. देठ मुळापासून तुटला की चीक उडतो, सालीवर काळे डाग पडतात आणि अंगावर आला तर कातडी पोळते. घरी देठ छाटून फळं काही वेळ उलटी ठेवा, चीक निथळून जातो.

जांभळीवर चढू नका, तिच्या फांद्या ठिसूळ असतात. आणि जवळून विजेच्या तारा जात असतील तर लोखंडी किंवा ओली काठी वर नेऊच नका. ती फळं पाखरांची.

रस्त्याकडेच्या झाडांवर वाहनांची धूळ बसते, म्हणून फळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. तुती मात्र खाण्याच्या अगदी आधी धुवायची. ओली ठेवली की तिला बुरशी धरते.