अमेरिकेत महायुद्धातली मशीनगन विकत घेताना

एप्रिल 1945, इटलीतली सेनियो नदी. नामदेव जाधव टॉमीगन (थॉम्पसन मशीनगन) घेऊन जर्मन ठाण्यांवर धावून गेले, हाताला गोळी लागल्यावर ती टाकून त्यांनी हातबॉम्ब काढले. पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या नगर जिल्ह्यातल्या या मराठा जवानामुळे मला त्या काळच्या शस्त्रांची ओढ लागली. भारतात खासगी माणसाला हा छंद करता येत नाही. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, इथे करता येतो. तुम्ही कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत असाल तर नाद सोडा.

भाव का चढतात ते आधी समजून घ्या. 1934च्या अमेरिकी कायद्याने मशीनगनच्या प्रत्येक हस्तांतरावर 200 डॉलर कर बसवला. तेव्हा थॉम्पसनची किंमतच साधारण तेवढी होती. मशीनगनवरचा तो कर आजही तेवढाच आहे. खरी कोंडी 19 मे 1986ला नव्या कायद्याने झाली. त्याआधी रीतसर नोंद झालेल्या मशीनगनच सामान्य माणसाला घेता येतात, नव्या नोंदी बंद. माल तेवढाच राहिला, घेणारे वाढले. एके काळी काहीशे डॉलरला मिळणारी मॅक-10 आज दहा हजारांच्या पुढे गेली आहे, एम-16 तीस हजारांच्या. भाव उतरतील म्हणून थांबू नका. मला तरी तशी चिन्हं दिसत नाहीत.

बंदूक बघण्याआधी विकणाऱ्याकडचा, सरकारने मंजूर केलेला नोंदणीचा फॉर्म मागा, मग त्यावरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. कुणाच्या आजोबांनी युद्धावरून आणलेली, नोंद नसलेली बंदूक कितीही स्वस्त मिळाली तरी हात लावू नका. अशा बंदुका नोंदवायची सवलत 1968मध्ये महिनाभर होती, तेवढीच.

मग अस्सलपणा. जर्मन एमपी-40 ही छोटी मशीनगन इथे दोन प्रकारची मिळते. एक युद्धातली मूळ, दुसरी ‘ट्यूब गन’, म्हणजे 1986पूर्वी अमेरिकेत बनवलेल्या नळीवर जुने सुटे भाग चढवलेली. दिसायला दोन्ही सारख्या, किमतीत मोठा फरक. फॉर्मवर निर्माता म्हणून अमेरिकन कंपनीचं नाव असेल तर सावध व्हा. मूळ बंदुकीवर कारखान्याचा संकेत असतो: ‘बीएनझेड’ म्हणजे श्टायर, ‘एवायएफ’ म्हणजे एर्मा. शेजारी साल, उदाहरणार्थ 43. बोल्टवरचा नंबर बॉडीशी जुळतो का ते पाहा. नव्याने पॉलिश केलेली चकचकीत बंदूक मला नको वाटते. झिजलेला मूळ रंग संग्राहकाला जास्त मोलाचा.

खर्च छापील किमतीवर थांबत नाही. लिलावात बोलीवर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावघराचं जादा शुल्क, चढतो. तो आधी विचारा आणि तुमच्या कमाल रकमेतून वजा करूनच बोली लावा. दुसऱ्या राज्यातल्या खासगी मालकाकडून घेतलीत तर एरवी बंदूक आधी तुमच्या राज्यातल्या डीलरकडे येते, मग तुमच्याकडे, आणि कर दोनदा. हे टाळायला सी अँड आर (क्युरिओज अँड रेलिक्स, म्हणजे जुन्या संग्राह्य बंदुकांचा) परवाना काढा: तीन वर्षांना 30 डॉलर. बंदूक सी अँड आर प्रकारातली असेल तर एकाच फॉर्म 4वर (हस्तांतराचा सरकारी अर्ज) थेट तुमच्या नावे होते. ट्यूब गनला बहुधा हा मार्ग नसतो.

सरकारी मंजुरी येईपर्यंत पैसे दिलेले असतात आणि बंदूक विकणाऱ्याकडेच असते, म्हणून परताव्याची अट लेखी घ्या. बोटांचे ठसे आणि फोटो लागतात. आणि मृत्युपत्रात बंदुकीचा नंबर व वारसाचं नाव लिहून ठेवा. फॉर्म 5 या दुसऱ्या सरकारी अर्जावर वारसाला ती करमुक्त मिळते, पण कागद कुठे ठेवलेत हे घरच्यांना आजच सांगा.